हर्णैहून नागपुरात येणाऱ्यांसाठी

हर्णै-दापोलीकडची बरीच मुलं शिकायला, नोकरीला नागपुरात येतात. मत्स्यविज्ञान शिकायलाही येतात, कारण महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ समुद्रापासून इतक्या लांब, इथेच आहे. आल्याआल्या सगळ्यांची तक्रार एकच: ना मासळी, ना आपल्यासारखी भातशेती. त्यांना मी सांगतो, जरा पूर्वेकडे बघा.

साठेक किलोमीटरवर भंडारा, त्यापुढे गोंदिया. हा मुलूख धानाचा आणि तलावांचा. कोहळी समाजाने फार पूर्वी पाणी अडवून बांधलेले मालगुजारी तलाव आजही धानाला पाणी पुरवतात आणि त्याच पाण्यावर ढिवरांची मासेमारी चालते. जुलैत रोवणीच्या दिवसांत एखाद्या रविवारी साकोलीपर्यंत जाऊन या. तोच चिखल, तशाच ओळीने वाकलेल्या बाया. फक्त आपल्यासारखे डोंगरउतार नाहीत, बांध्या लांबवर सपाट पसरलेल्या.

तांदूळ एचएमटी घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवड करून हे वाण काढलं. एका लहान शेतकऱ्याचं केवढं मोठं काम! दाणा बारीक, भात मोकळा. पेजेला मात्र उकडाच हवा, तो गावाहून आणा. सणाला भंडाऱ्याचा सुवासिक चिन्नोर करून बघा.

मासळीसाठी भोईपुरा किंवा मंगळवारी बाजार गाठा. पापलेट, सुरमई बर्फातून येते, महाग पडते. कल्ले उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. त्यापेक्षा ताजा रोहू, कतला, मरळ बरा. रोहूत बारीक काटे फार, म्हणून घरात लहान मूल असेल तर मरळच आणा. गोड्या पाण्यातल्या मासळीला मातीचा वास येतो. तुकड्यांना हळद, मीठ आणि कोकमाचा आगळ लावून अर्धा तास ठेवा, वास बराच कमी होतो. मग आपलं नेहमीचं कालवण करा, छान लागतं. आगळ आणि आमसुलं येतानाच भरपूर आणा.

उन्हाळ्याकडे दुर्लक्ष करू नका. आपल्याकडे घामाने अंग चिंब होतं. इथे घाम येताक्षणी सुकतो, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, डोकं-कान रुमालाने बांधल्याशिवाय दुपारी बाहेर पडू नका. मेमध्ये पारा पंचेचाळिशीच्या वर जातो. मार्च संपायच्या आत कूलर बसवा, आणि तो चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा. दारं-खिडक्या बंद केल्या की खोलीत नुसती दमट हवा कोंडते. थंडीही इथे खरी असते, स्वेटर लागतोच.

गणपतीला गावी जायचं तर आरक्षण सुरू होईल त्याच दिवशी तिकीट काढा: विदर्भ एक्सप्रेसने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने खेड, पुढे दापोलीवरून एसटी. दोन्ही गाड्यांच्या मध्ये मोकळा वेळ ठेवा, पावसात गाड्या रखडतात.