स्ट्रापी ४: मराठी नोंद पब्लिश केली, तरी एपीआय इंग्रजीच देतो

दादरमधल्या एका ग्रंथालयाची साइट स्ट्रापीवर (साइटचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालते, मूळ भाषा इंग्रजी. कार्यक्रमाची मराठी नोंद पॅनेलमध्ये हिरवी 'पब्लिश्ड' दिसते, पण एपीआयमधून (साइट ज्या पत्त्यावर विनंती पाठवून मजकूर मागते) इंग्रजी मजकूरच येतो. फोटो आणि वक्त्याचं नाव तर उत्तरात नसतातच.

कॅश साफ केली, सर्व्हर रिस्टार्ट केला, नोंद पुसून पुन्हा भरली. दोन दिवस वाया गेले, फरक शून्य.

उपाय याच क्रमाने करा. सेटिंग्ज, इंटरनॅशनलायझेशनमध्ये मराठीचा कोड पाहा. तिथे 'एमआर' (mr) आणि 'एमआर-आयएन' (mr-IN) हे दोन वेगळे पर्याय असतात. जो निवडलाय तोच अक्षरशः विनंतीत हवा. 'एमआर' असेल तर विनंतीच्या पत्त्याला 'लोकॅल=एमआर' (locale=mr) जोडा. हे नसेल तर स्ट्रापी मूळ भाषेच्याच नोंदी देतो, आणि एररही दाखवत नाही. म्हणूनच चूक सापडत नाही.

मग 'पॉप्युलेट=*' (populate=*) जोडा, कारण फोटो आणि रिलेशन (वक्त्यासारख्या जोडलेल्या दुसऱ्या नोंदी) आपोआप येत नाहीत. फोटो आला, वक्ता तरीही गायब? सेटिंग्ज, रोल्स, पब्लिकमध्ये 'वक्ता' या टाइपला 'फाइंड' परवानगी द्या. ती नसेल तर ते फील्ड गुपचूप वगळलं जातं.

तारा (*) फक्त एक पातळी खोल जातो. वक्त्याचा फोटोही हवा असेल तर ताऱ्याऐवजी 'पॉप्युलेट[वक्ता][पॉप्युलेट]=*' असं लिहा, आणि कार्यक्रमाच्या फोटोचं फील्डही त्याच विनंतीत वेगळं नमूद करा, नाहीतर आत्ताच आलेला तो फोटो पुन्हा जाईल.

मराठी आणि इंग्रजी नोंद स्वतंत्रपणे पब्लिश करावी लागते.