कबरीच्या दगडावर ‘अबीगईल’ हिब्रूत कोरून घेताना

ठाण्यातल्या बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या) घरातून कबरीचा दगड करायला टाकला की मराठी ओळ कारागीर डोळे मिटून कोरतो. घोळ होतो तो हिब्रू ओळीत. ‘अबीगईल’ या नावात तर फसवी अक्षरं एकत्रच आली आहेत.

उजवीकडून डावीकडे सहा अक्षरं: आलेफ, बेत, योद, गिमेल, योद, लामेद. बायबलमधल्या शमुवेलाच्या पुस्तकांत एखाद्या ठिकाणी दुसरा योद गळलेला दिसतो, पण दगडावर पूर्ण रूपच घ्यावं. योद आखूड असतो, वरच्या रेषेला लटकलेला. तो तळापर्यंत ओढला की वाव होतो. गिमेलच्या पायातली फट भरली की नून दिसतो. बेतचा खालचा उजवा कोपरा गोल झाला की काफ. लामेद ओळीच्या वर डोकं काढतो, म्हणून वरच्या ओळीपासून जास्त अंतर सोडावं. स्वरचिन्हं नकोत, बारीक ठिपके ग्रॅनाइटवर टिकत नाहीत.

पुढे ‘बत’ म्हणजे मुलगी (बेत, ताव) आणि वडिलांचं नाव. तावच्या डाव्या पायाला बाहेर वळलेलं पाऊल हवं, नाहीतर तो हेत वाचला जातो. आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेत आईचं नाव घेतात, त्यावरून इथे गल्लत होते. सासरचं आडनाव मराठी ओळीत. मृत्यू सूर्यास्तानंतरचा असेल तर हिब्रू तारीख पुढच्या दिवसाची.

तळाला ताव, नून, त्सादी, बेत आणि ‘हे’ ही पाच अक्षरं, एका मागण्याचं संक्षिप्त रूप. शेवटच्या दोन अक्षरांमध्ये वर दोन बारीक रेघा. आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो, हे १ शमुवेल २५:२९ मधलं मागणं, आणि ते खुद्द अबीगईलच्या तोंडचं आहे. तिचा नवरा नाबाल याच्यावर चिडून ४०० माणसं घेऊन निघालेल्या दाविदाला तिने २०० भाकरी, द्राक्षारसाचे २ बुधले, ५ मेंढरं पुढे करून अडवलं, तेव्हाचं. तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ तिला सात संदेष्ट्रींत मोजतं. या नावाच्या दगडावर तरी ही अक्षरं गाळू नयेत.

मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवू नका. जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये तो उलटतो आणि लामेद उजवीकडे जातो. अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराऐवजी रेषांच्या आकारात बदलून, फाइल द्या. दगडावर स्टिकर चिकटला की सरळ समोरून फोटो काढून टेंभी नाक्याच्या शार हशामाईम सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) हजानांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, दाखवा. कोरल्यावर चूक काढायची म्हणजे पूर्ण पृष्ठभाग घासून पुन्हा पॉलिश, आणि त्याचे पैसे वेगळे.