आयनिक बंध किती पक्का आहे ते हिशोबाने कसं ओळखायचं

सोडियम इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो, दोघांचं अष्टक (शेवटच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होतं आणि दोघं स्टेबल होतात, हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय. पण अष्टक पूर्ण झालं म्हणून मीठ स्टेबल होत नाही, खरं कारण वेगळंच आहे आणि ते वही-पेन घेऊन स्वतः मांडल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

आधी सूत्र काढा. शेवटच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन बघायचे, धातू किती देणार, अधातू किती घेणार, आणि एकूण प्रभार शून्य करायचा. मॅग्नेशियम दोन देतो, क्लोरीन एकच घेतो, म्हणून एकाला दोन क्लोरीन. झालं.

आता खर्च लिहा, एक मोल (अणू-रेणू मोजायचं ठरलेलं माप) मिठाचा. सोडियम धातूचे सुटे अणू करायला साधारण 107 किलोज्यूल, क्लोरीनचा रेणू तोडून एक मोल अणू मिळवायला 121, आणि सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला तब्बल 496. एकूण 724. क्लोरीनने तो इलेक्ट्रॉन घेतला की 349 परत मिळतात, म्हणजे दोघांची अष्टकं पूर्ण झाली तरी आपण 375 ने तोट्यातच!

मग जमेची बाजू. हे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन प्रभार आलेले अणू, एकत्र येऊन स्फटिक बनवतात तेव्हा सुमारे 787 किलोज्यूल बाहेर पडतात, याला लॅटिस एनर्जी म्हणतात, आणि सगळा तोटा भरून वर 410 च्या आसपास उरतात. हीच ती स्थिरता. स्फटिकात जोड्या नसतातच, प्रत्येक सोडियमभोवती 6 क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती 6 सोडियम, सगळ्या बाजूंनी ओढ.

दोन संयुगांची तुलना करायची तर पहिले प्रभार बघा, नंतर आयनांचा आकार. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये दोन्हीकडे प्रभार दुप्पट, त्यामुळे ओढ चौपट, शिवाय आयन लहान म्हणून जास्त जवळ, म्हणून मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळतं आणि हा 2800 च्याही पुढे जातो. प्रभार सारखे असतील तर आकारच ठरवतो, सोडियम आयोडाइड 660 च्या आसपासच वितळतं कारण आयोडाइड मोठा.

एक चूक मात्र टाळा, वितळायला कठीण म्हणजे विरघळायलाही कठीण असं धरू नका. मीठ पाण्यात लगेच विरघळतं, कारण पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाला घेरतात आणि ते 787 जवळजवळ पूर्ण तिथेच भरून निघतात.