उतार मोजायला निघण्याआधी

व्हीलचेअरच्या रॅम्पचा किंवा वाटेचा उतार मोजायचा असेल तर मोजणी सकाळी सातला ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे नऊनंतर टेपची लोखंडी पट्टी हातात धरवत नाही. नळी निम्मी उन्हात आणि निम्मी लिंबाच्या सावलीत असली तर पाण्याची पातळीही थोडी फसवते. म्हणून सामान आदल्या संध्याकाळीच एका पिशवीत भरून ठेवायचं.

त्यात पहिली पाण्याची पारदर्शक नळी, दहा-बारा मीटरची, दोन जागांची पातळी ताडून बघायला. गवंड्याकडे असतेच, पण मागून आणली तर आधी बुडबुडे बघा. मधे एक जरी अडकला तरी दोन्ही टोकांची पातळी जुळत नाही. पाण्यात थोडी नीळ टाकली की रेघ लांबूनही दिसते. दोन्ही टोकं शेजारी धरा, पाणी सारखं उभं राहिलं तरच नळी पिशवीत टाका. सोबत एक मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी, मिलिमीटरच्या खुणांची छोटी पट्टी, स्पिरिट लेव्हल (आडवं सरळ आहे का ते बुडबुड्याने दाखवणारी), सुतळी, चार खुंट्या, खडू, पेन्सिल. लेव्हल तपासायची रीत सोपी आहे: फरशीवर ठेवा, बुडबुडा कुठे आहे ते पाहा, मग तीच लेव्हल उलट्या दिशेने त्याच जागी ठेवा. बुडबुडा फरशीच्या त्याच बाजूला, तेवढाच सरकलेला दिसला नाही तर लेव्हल खोटी. मोबाइलच्या ॲपचीही अशीच परीक्षा घ्या. फोन अर्धा अंश चुकला तर माणसाला कळत नाही, पण आडव्या ढाळाची, म्हणजे वाटेच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे असलेल्या उताराची, मर्यादाच साधारण एक अंशाची असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आकडा कुठल्या मापात लिहिणार, हे घरूनच ठरवून निघा. एका शाळेच्या रॅम्पसाठी मी कागदावर नुसतं ‘उतार ८’ लिहून दिलं होतं. माझ्या डोक्यात टक्के होते. मिस्त्रीने मोबाइलवर आठ अंश लावले. दोन फूट चढायला पंचवीस फूट लांबी लागणार होती, ती चौदा फुटांतच संपली. आठ टक्के म्हणजे १:१२.५, आणि आठ अंश म्हणजे जवळपास १:७. व्हीलचेअरवरचा मुलगा मध्यावर थांबला आणि चाकं धरून बसला. ‘तुमीच तं आठ लिवलं होतं, भाऊ,’ मिस्त्री म्हणाला, आणि त्याचं खरंच होतं. रॅम्प तोडावा लागला.

टक्के म्हणजे शंभरावर किती चढ, अंश म्हणजे कोन, आणि १:१२ म्हणजे बारा आडवे, एक उभा. केंद्राच्या २०२१ च्या सुगम्य बांधकामाच्या मार्गदर्शक सूचनांत रॅम्पला १:१२ पेक्षा जास्त चढ चालत नाही. ते ८.३३ टक्के, किंवा ४.८ अंश. अंगणातली, देवळापर्यंतची वाट १:२० म्हणजे पाच टक्क्यांत बसली तर उत्तम, जागा असेल तिथे मी तीच धरतो. आपल्या गवंड्यांना मात्र फूट आणि सूत कळतं, त्यांच्याशी त्याच भाषेत बोला. फुटाला एक इंच, म्हणजे आठ सूत, हा १:१२ झाला. फुटाला दोन सूत म्हणजे १:४८, आडव्या ढाळाला पुरेसा. पाणी वाहून जायला तेवढा लागतोच, जास्त झाला तर खुर्ची एका बाजूला ओढत जाते.

जागेवर पोचलात की आधी शून्याची खूण ठरवा. खुंटी काळ्या मातीत ठोकून तिला शून्य मानू नका. खूण हापशीच्या ओट्यावर किंवा इमारतीच्या जोत्यावर पेन्सिलने करा आणि फोटो काढा. मग फाटकापासून दारापर्यंतचा एकूण चढ नळीने मोजा. फक्त त्यावर समाधान मानू नका. एकूण उतार १:१५ येतो आणि मधेच बंडीच्या चाकोरीपाशी एक मीटर १:६ असतो. खुर्ची अडते ती तिथेच. म्हणून मीटरची पट्टी मीटर-मीटरवर टेकवा, वरचं टोक जमिनीला लावा, लेव्हलने पट्टी आडवी करा आणि खालच्या टोकाखालची फट मोजा. फट ८३ मिलिमीटर आली तर १:१२, ५० आली तर १:२०. पट्टी वाटेच्या रुंदीत फिरवून आडवा ढाळ मोजला की २० म्हणजे १:५०. जमिनीवरचं अंतर टेपने वाटेच्या उतारावरूनच मोजलं तरी चालतं, इतक्या कमी चढाला फरक अर्ध्या टक्क्याचाही नसतो.

उंबरठा, गटारावरची जाळी, दारासमोर खुर्ची वळवायला दीड मीटरची सपाट जागा, हे वेगळं टिपा. रॅम्पचा वापर करणारं कुणी गावात असेल तर त्यांना बोलावूनच घ्या, आजी काठीवर असतील तरी. पायाला लागतं ते पट्टीला कळत नाही.

वहीत फक्त गुणोत्तर लिहू नका. ‘आडवं ७२०० मिमी, चढ ६०० मिमी’ असं लिहा, भागाकार पुढचा माणूस करेल. आणि तारीख टाका. मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, जमीन बसलेली असते. ऑगस्टमध्ये तीच माती पाणी पिऊन फुगते आणि फरशीची कड दोन बोटं वर उचलते, म्हणून पाऊस पडून गेल्यावर त्याच खुणेपासून एकदा परत मोजायचं आहे.