झरमॅटच्या खोऱ्यात उन्हाळी चढाईचा मार्ग आखताना

स्वित्झर्लंडमधील झरमॅट हे गाव सुमारे १६०० मीटर उंचीवर, म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर वसलेले आहे; त्यामुळे तेथील प्रत्येक चढाई आपल्या परिचित उंचीच्या पलीकडेच सुरू होते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. जुलै ते सप्टेंबरचा मध्य हा काळ निवडावा आणि पहिले दोन-तीन दिवस विरळ हवेची सवय होण्यासाठी राखून ठेवावेत.

पहिले शिखर म्हणून ४१६४ मीटर उंचीचे ब्राइटहॉर्न योग्य ठरते. रोपवे ३८८३ मीटरपर्यंत नेतो, त्यामुळे चढ थोडाच उरतो. मात्र याच सोयीमुळे शरीराला जुळवून घेण्यास अवधी मिळत नाही, आणि वाट हिमनदीवरून जात असल्याने बर्फाखाली दडलेल्या भेगांचा धोका कायम असतो. म्हणून सर्वांनी एका दोराला बांधूनच चालावे आणि हिमनदीचा अनुभव नसल्यास मार्गदर्शक घ्यावा.

वेळापत्रक परतीच्या वेळेपासून उलटे मांडावे, असे माझे ठाम मत आहे. रात्री गोठलेला बर्फ दुपारी मऊ पडतो, भेगांवरचे बर्फाचे पूल कमकुवत होतात आणि गडगडाटी वादळांची शक्यता वाढते. याच खोऱ्यातील मॅटरहॉर्न शिखराच्या (४४७८ मीटर) ज्या हर्नली धारेवरून १८६५ मध्ये पहिली यशस्वी चढाई झाली, तिच्यावर उतरण्यास साधारण चढण्याइतकाच वेळ लागतो. म्हणूनच ३२६० मीटरवरील निवाऱ्यातून गिर्यारोहक पहाटे अंधारातच निघतात. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर माघारी फिरण्याची जागा आणि वेळ आधीच नोंदवून ठेवावी.