पॉइंट मिळाले की लगेच माइल्स करू नका

क्रेडिट कार्डावर माइल्स, म्हणजे विमानाचं तिकीट काढायला चालणारे विमान कंपनीचे पॉइंट, जमवायचे असतील तर आधी कशावर पॉइंट मिळत नाहीत ते वाचा. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे बऱ्याच कार्डांवर बाद असतात. किराणा, औषधं, हॉटेलचं बिल सहसा चालतं.

मग कागदावर हिशेब मांडा. समजा १०० रुपयांना २ पॉइंट आणि २ पॉइंटांचा १ माइल. महिन्याला ३०,००० खर्च केले तर ३०० माइल्स, वर्षाचे ३,६००. कार्डाची वार्षिक फी बघितली की उत्साह जरा ओसरतोच! बिल थकवलंत तर महिन्याला ३.५ टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. मग ते तिकीट फुकट कसलं?

खरी गोम पुढे आहे. बँकेचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबसारख्या माइल्सच्या योजनेत एकदा वळवले की सहसा परत येत नाहीत, आणि तिथे त्यांची मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून ते बँकेतच राहू द्या. हव्या तारखेला माइल्सवर सीट दिसतेय का ते आधी विमान कंपनीच्या ॲपवर बघा, दिसली तरच वळवा. पॉइंट पोचायला कधी दोन-तीन दिवसही लागतात, त्यामुळे दिवाळीच्या गर्दीत शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका. आणि तिकिटावरचे कर सहसा माइल्सने नाही, पैशांनीच भरावे लागतात, तेवढे बाजूला ठेवा.