प्लास्टरआधी भिंतींचे फोटो काढा

घराचं आतलं काम सुरू असेल, तर वायरिंगच्या आणि पाइपच्या झिऱ्या (भिंतीत पाडलेल्या खाचा) बुजवण्याआधी दोघांनी मिळून प्रत्येक भिंतीचे फोटो काढाच, म्हणजे नंतर ड्रिल करताना आत वायर आणि पाइप कुठे आहेत ते कळेल. एकाने टेप धरावा, दुसऱ्याने फोटो काढावा. टेपवरचे आकडे स्पष्ट दिसलेच पाहिजेत. माप जमिनीपासून घेऊ नका. फरशी बसली की पातळी वर येते आणि सगळे आकडे चुकतात. त्यापेक्षा खिडकीच्या किंवा दाराच्या चौकटीपासून मोजा, ती हलत नाही. बाथरूम आणि ओट्यामागची भिंत यांना जास्त वेळ द्या: आरसा, टॉवेल रॉड, वरची कपाटं, सगळ्यांसाठी ड्रिल तिथेच चालतं आणि पाइपही तिथेच असतात. फोटो खोलीवार दोघांच्याही फोनमध्ये ठेवा, आणि सुताराला ड्रिल लावण्याआधी दाखवा.